बातमी कुणाच्या बाजूची? इस्रायल-पॅलेस्टाइन वार्तांकनातला पक्षपात कसा तपासायचा

९ नोव्हेंबर २०२५ रोजी बीबीसीचे महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तविभागाच्या प्रमुख डेबोरा टर्नेस यांनी एकाच दिवशी राजीनामे दिले. मुख्य निमित्त होतं ट्रम्प यांच्या भाषणाच्या चित्रफितीची चुकीची काटछाट. पण ज्या अंतर्गत टिपणामुळे हे प्रकरण पेटलं, त्यात आणखी एक आरोप होता: बीबीसीची अरबी सेवा गाझाच्या बातम्या इस्रायलविरोधी देते. गंमत नव्हे, पण त्याच वर्षीच्या जुलैत बीबीसीच्याच शंभराहून अधिक कर्मचाऱ्यांनी नावं न उघड करता एका पत्रावर सह्या केल्या होत्या, आणि त्यांचा आरोप बरोबर उलटा होता. इस्रायल सरकारवर टीका केल्यासारखं दिसेल या भीतीने संस्था लुळी पडली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

संस्था एकच, युद्ध एकच, आणि आरोप एकमेकांच्या विरुद्ध. सामान्य वाचक इथे गोंधळतो आणि दोनपैकी एक वाट धरतो. एक तर आपल्याला पटणाऱ्या बाजूचा आरोप खरा मानायचा, नाहीतर "सगळेच विकले गेलेत" म्हणून पेपर बाजूला ठेवायचा. दोन्ही वाटांनी हातात काही लागत नाही. पक्षपात होतो आहे असं वाटणं आणि पक्षपात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही खऱ्या आहेत, आणि दोन्ही वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

एकच बातमी, दोन वेगळे राग

सप्टेंबर १९८२ मध्ये बैरूतच्या साब्रा आणि शातिला या वस्त्यांमध्ये लेबनॉनच्या फालांजिस्ट या ख्रिस्ती सशस्त्र गटाने शेकडो लोकांची कत्तल केली. मारले गेलेले बहुतेक पॅलेस्टिनी निर्वासित होते. त्या वेळी तो भाग इस्रायली सैन्याच्या वेढ्यात होता. इस्रायलनेच नेमलेल्या काहान आयोगाने पुढच्या वर्षी इस्रायलवर या घटनेची अप्रत्यक्ष जबाबदारी ठेवली.

या हत्याकांडाच्या अमेरिकी वाहिन्यांवरच्या बातम्या घेऊन स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी एक प्रयोग केला. तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी इस्रायलकडे कल असलेल्या, अरबांकडे कल असलेल्या आणि कुठेच कल नसलेल्या विद्यार्थ्यांना त्याच बातम्या दाखवल्या. इस्रायलच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना त्या इस्रायलविरोधी वाटल्या. अरबांच्या बाजूच्यांना त्या इस्रायलची तळी उचलणाऱ्या वाटल्या. चित्रफीत तीच, शब्द तेच.

याला अभ्यासक 'होस्टाइल मीडिया इफेक्ट' म्हणतात. आपण 'वैरी माध्यमाचा परिणाम' म्हणू. एखाद्या प्रश्नात आपण मनापासून गुंतलेलो असलो, की त्यावरची तटस्थ बातमीही आपल्या विरोधात आहे असं वाटणं, एवढाच त्याचा अर्थ.

या प्रयोगातली मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. दोन्ही गटांचं मत वेगळं होतं एवढ्यावर हे थांबलं नाही. त्यांना आठवलेली बातमीच वेगळी होती. इस्रायलच्या बाजूच्यांना इस्रायलला दोष देणारे उल्लेख जास्त आठवले, दुसऱ्या बाजूला त्याच्या समर्थनाचे. म्हणजे आपल्याला बोचणारं वाक्य लक्षात राहतं आणि आपल्या बाजूचं विरून जातं. शिवाय गुंतलेल्या मंडळींपैकी ज्यांना विषयाची माहिती जास्त, त्यांनाच पक्षपातही जास्त दिसला. "मी या विषयावर भरपूर वाचलंय, मला बरोबर कळतं" हे म्हणणं या बाबतीत आधार देत नाही, उलट सावध व्हायला सांगतं.

असं का होतं, याचा एक धागा याच प्रयोगात आणि पुढच्या संशोधनात सापडतो. दोन्ही गटांना एक भीती होती: ज्याला काहीच माहीत नाही तो ही बातमी पाहून आपल्याविरुद्ध जाईल. २००४ मध्ये जनुकीय बदल केलेल्या अन्नाच्या वादावर असाच एक अभ्यास झाला. तोच मजकूर बातमी म्हणून दिला तेव्हा लोकांना तो विरोधी वाटला; विद्यार्थ्याचा निबंध म्हणून दिला तेव्हा तसा वाटला नाही. निबंध कोण वाचणार? बातमी मात्र लाखो लोक वाचणार. आपला राग मजकुरापेक्षा त्याच्या पोहोचीवर असतो, असा याचा अर्थ लावता येतो.

मग दोघंही चिडले, म्हणजे बातमी बरोबर?

संपादक मंडळी हे फार सहज म्हणतात. "दोन्ही बाजू शिव्या देतात, म्हणजे आम्ही बरोबर मध्यावर आहोत." हे खरं नाही, आणि या विषयात तर ते धोक्याचं आहे, कारण सत्य दोन दाव्यांच्या मध्यावर बसलेलं नसतं.

एप्रिल २००२ मध्ये वेस्ट बँकमधल्या जेनिनच्या निर्वासित छावणीत इस्रायली सैन्य घुसलं. पॅलेस्टिनी नेते पाचशे मृतांपर्यंत बोलत होते. जगभर 'हत्याकांड' हा शब्द छापला गेला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आकडा आला किमान ५२ पॅलेस्टिनी आणि २३ इस्रायली सैनिक. त्या पॅलेस्टिनींमध्ये निम्म्यापर्यंत नागरिक असू शकतात, असंही त्यात म्हटलं होतं. नागरिकांचे मृत्यू आणि पाडलेली घरं यांची भीषणता खरीच होती, पण पाचशे हा आकडा खरा नव्हता.

याच जेनिनमध्ये ११ मे २०२२ रोजी अल जझीरा या कतारच्या वाहिनीच्या वार्ताहर शिरीन अबू अक्लेह यांचा गोळी लागून मृत्यू झाला. अंगावर 'प्रेस' लिहिलेलं जॅकेट होतं. इस्रायलने सुरुवातीला पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्यांकडे बोट दाखवलं. असोसिएटेड प्रेस, न्यू यॉर्क टाइम्स, वॉशिंग्टन पोस्ट, सीएनएन अशा अनेकांनी स्वतंत्र तपास केले आणि सगळ्यांचा रोख इस्रायली सैन्याच्या गोळीकडे गेला. सप्टेंबरात इस्रायली सैन्यानेही गोळी आपल्याच सैनिकाची असण्याची दाट शक्यता आहे हे मान्य केलं. मात्र ती चुकून लागली, असं म्हटलं.

पहिल्या घटनेत सत्य एका बाजूच्या जवळ निघालं, दुसऱ्या घटनेत दुसऱ्या बाजूच्या. दोन्ही वेळा "दोघांचं म्हणणं अर्धं अर्धं" छापणारा पेपर चुकला असता. म्हणून बीबीसीवरचे ते दोन उलटे आरोप एकमेकांना खोडत नाहीत. अरबी सेवेच्या एखाद्या बातमीत एक दोष असू शकतो आणि इंग्रजी वाहिनीच्या निर्णयात दुसरा. संस्थेला एकच लेबल चिकटवलं की हे दिसेनासं होतं.

गोष्ट कुठून सुरू करायची?

भावकीतला बांधाचा वाद ज्याने पाहिलाय त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. एक भाऊ सांगतो, "काल याने माझ्या गड्याचं डोकं फोडलं." दुसरा सांगतो, "दहा वर्षं हा दर पावसाळ्यात माझा बांध कोरतोय." चुलता मध्येच म्हणतो, "अरे, आजोबांच्या वेळची वाटणीच चुकीची झाली." यातलं कुणीच खोटं बोलत नसतं. गोष्ट जिथून सुरू होते तिथे पहिला गुन्हेगार ठरतो.

७ ऑक्टोबर २०२३ पासून बातमी सुरू केली तर समोर येतं हमासचं आक्रमण, सुमारे १,२०० मृत आणि २५१ ओलीस. २००७ पासून सुरू केली तर गाझाची नाकेबंदी. १९६७ पासून सुरू केली तर वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम आणि गाझावरचा इस्रायलचा ताबा. १९४८ पासून केली तर सुमारे सात लाख पॅलेस्टिनींचं विस्थापन, आणि त्याच काळात अरब देशांनी नव्या इस्रायलवर केलेली चढाई. इस्रायली वाचक आणखी काही जोडेल: अरब देशांतून बाहेर पडावं लागलेले लाखो ज्यू, आणि २००० नंतरच्या उठावातले बसमधले, कॅफेतले आत्मघातकी स्फोट.

चारशे शब्दांच्या बातमीत हे सगळं मावत नाही, हे मान्य. पण न मावण्याचे परिणाम होतात. ग्लासगो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००४ मध्ये ब्रिटिश प्रेक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज रात्री या संघर्षाच्या बातम्या पाहणाऱ्या अनेकांना 'व्याप्त प्रदेश' कुणी व्यापलाय हेच माहीत नव्हतं. काहींना वाटत होतं की पॅलेस्टिनींनीच तो व्यापलाय. इथे कुणी खोटं सांगितलं नव्हतं. दगड, गोळी, अंत्ययात्रा दिसत होती, मागचं एक वाक्य राहून जात होतं.

दोन मथळे

१७ ऑक्टोबर २०२३ च्या संध्याकाळी गाझा शहरातल्या अल-अहली रुग्णालयाच्या आवारात स्फोट झाला. न्यू यॉर्क टाइम्सच्या पहिल्या मथळ्याचा आशय असा होता: इस्रायली हल्ल्यात रुग्णालयात शेकडो ठार, पॅलेस्टिनींचं म्हणणं. थोड्या वेळात 'इस्रायली' गेलं आणि नुसता 'हल्ला' उरला. मग 'हल्ला' जाऊन 'स्फोट' आलं. इस्रायलचं म्हणणं होतं की इस्लामिक जिहाद या पॅलेस्टिनी सशस्त्र गटाचं रॉकेट भरकटून तिथे पडलं. इस्लामिक जिहादने ते नाकारलं. अमेरिकी गुप्तचर यंत्रणांनी इस्रायलचा हात नसल्याचं मत दिलं. ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संस्थेनेही नोव्हेंबरात पॅलेस्टिनी गटांकडच्या भरकटलेल्या अस्त्राची शक्यता जास्त असल्याचं म्हटलं. सगळ्यांना हा निष्कर्ष मान्य झालेला नाही. पण त्या पहिल्या रात्री वार्ताहरांकडे पुरावा नव्हता, हे नक्की. २३ ऑक्टोबरला टाइम्सने संपादकीय टीप छापून मान्य केलं की आपण हमासच्या दाव्यावर फार विसंबलो. तोवर अनेक देशांत लोक रस्त्यावर उतरले होते आणि जॉर्डनची राजधानी अम्मानमध्ये ठरलेली तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष बायडेन यांची अरब नेत्यांबरोबरची बैठक रद्द झाली होती.

दुसरा मथळा फेब्रुवारी २०२४ मधला, बीबीसीचा. गाझा शहरात गोळीबारात सापडलेल्या मोटारीत नातेवाइकांच्या मृतदेहांमध्ये अडकलेली हिंद रजब ही चिमुरडी फोनवरून मदत मागत होती. बारा दिवसांनी तिचा मृतदेह मिळाला. तिला आणायला निघालेल्या रुग्णवाहिकेतले दोघेही मृत आढळले. मथळा होता: मदतीसाठी फोन केल्यानंतर काही दिवसांनी हिंद रजब गाझात मृत आढळली. जणू मुलगी हरवली होती आणि मग सापडली. तिला कुणी मारलं याबद्दल रुग्णवाहिका पाठवणाऱ्या पॅलेस्टिनी रेड क्रिसेंट या मदतसंस्थेचा स्पष्ट आरोप उपलब्ध होता; "इस्रायली गोळीबारात मृत्यू, रेड क्रिसेंटचा आरोप" असं लिहिता आलं असतं.

पहिल्या मथळ्यात कर्ता घाईने आला, दुसऱ्यात तो आलाच नाही. कुठलाही मथळा वाचताना मी आधी हे दोन प्रश्न विचारतो: कुणी केलं हे लिहिलंय का, आणि ते कुणाच्या हवाल्याने लिहिलंय? वाक्यात हे दोन्ही असेल तर बातमी निदान तपासण्याजोगी असते. मराठी पेपरांत हवाला सर्वात आधी कापला जातो, कारण मथळ्याची जागा कमी. "…चा दावा" हे दोन शब्द गेले की दाव्याची घटना होते.

आकडे कुणाचे मानायचे?

"गाझाचं आरोग्य मंत्रालय हमासच्या ताब्यात आहे, मग त्यांचे आकडे कशाला छापता?" हा आक्षेप वारंवार येतो, आणि तो विचारण्याजोगा आहे. उत्तर जुन्या नोंदींत शोधता येतं. २०१४ च्या युद्धानंतर या मंत्रालयाचा आकडा होता २,३१०, संयुक्त राष्ट्रांचा २,२५१ आणि खुद्द इस्रायलचा २,१२५. एकूण मृतांबद्दल फरक थोडा निघाला. वाद झाला तो त्यातले लढवय्ये किती आणि नागरिक किती यावर. मंत्रालयाच्या आकड्यात ही विभागणी नसते, आणि ही उणीव मोठी आहे. मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२५ च्या नोव्हेंबरअखेर मृतांची संख्या ७०,००० च्या वर गेली होती.

इस्रायलचा आकडाही बदलला होता. ७ ऑक्टोबरच्या मृतांची संख्या सुरुवातीला १,४०० सांगितली गेली, नोव्हेंबर २०२३ मध्ये ती सुमारे १,२०० वर आणली, कारण काही मृतदेह हल्लेखोरांचे निघाले. याला कुणी कट म्हणू नये. जळालेले मृतदेह ओळखायला वेळ लागतो, आणि ढिगाऱ्याखालचे मोजायलाही.

बंद दरवाजा

माझ्या मते या युद्धाच्या वार्तांकनातला सर्वात मोठा दोष शब्दांचा नाही. ऑक्टोबर २०२३ पासून इस्रायलने परदेशी पत्रकारांना गाझात स्वतंत्रपणे जाऊ दिलेलं नाही. इस्रायली सैन्याबरोबर, त्यांच्या गाडीतून, ते नेतील तिथे जाता येतं. जेरुसलेममधल्या फॉरेन प्रेस असोसिएशनने इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. पहिली याचिका जानेवारी २०२४ मध्ये फेटाळली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये शस्त्रसंधी झाली तरी वर्ष संपेपर्यंत दरवाजा उघडला नव्हता.

म्हणजे गाझातून जगाला जे दिसलं ते बहुतेक तिथल्याच पॅलेस्टिनी पत्रकारांनी दाखवलं. त्यांची घरं पडत होती, मुलं उपाशी होती, आणि ते कॅमेरा धरून उभे होते. पत्रकारांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या न्यूयॉर्कच्या 'सीपीजे' या संस्थेने १९९२ पासून नोंदी ठेवल्या आहेत. पत्रकारांसाठी इतकं जीवघेणं युद्ध तिच्या नोंदीत दुसरं नाही. २०२५ पर्यंत मृत पत्रकारांची संख्या दोनशेच्या आसपास पोहोचली.

हमासही पत्रकारांना मोकळं सोडत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये याच फॉरेन प्रेस असोसिएशनने हमासच्या धमक्यांचा आणि दबावाचा जाहीर निषेध केला होता. अल जझीराचं कामकाज इस्रायलने मे २०२४ मध्ये आपल्या देशात बंद केलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये पॅलेस्टिनी प्राधिकरणाने वेस्ट बँकमध्ये तेच केलं.

ज्याला पुराव्यापर्यंत जाताच येत नाही, तो पत्रकार कितीही प्रामाणिक असला तरी शेवटी दोन प्रवक्त्यांची वाक्यं एकाखाली एक लावतो. त्याला आपण संतुलन म्हणतो. ते संतुलन नाही, ती असहायता आहे.

पण दोन्ही बाजू समान कुठे आहेत?

हा आक्षेप सर्वात वजनदार आहे. एकीकडे देश, विमानदल, अणुशक्ती. दुसरीकडे देशाविना लोक. दोघांना सारखी मिनिटं देणं हाच पक्षपात नाही का? बीबीसीने सर क्वेंटिन थॉमस यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या स्वतंत्र समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. तिला जाणूनबुजून केलेला पक्षपात आढळला नाही. पण एका बाजूच्या हाती नियंत्रण आहे आणि दुसरी ताब्याखाली जगते, ही विषमता बातम्यांत पुरेशी उतरत नाही, असं तिने स्पष्ट म्हटलं. हे मत मला पटतं. वेळ मोजून वाटणं म्हणजे न्याय नव्हे.

समोरून दुसरा आक्षेप येतो: जग इस्रायलकडेच एवढं का पाहतं? असोसिएटेड प्रेसचे माजी वार्ताहर मॅटी फ्रीडमन यांनी २०१४ मध्ये लिहिलं की त्यांच्या काळात इस्रायल आणि पॅलेस्टिनी प्रदेशांच्या वार्तांकनासाठी संस्थेची चाळीसहून अधिक माणसं होती, चीन, रशिया किंवा भारतापेक्षा कितीतरी जास्त. एप्रिल २०२३ पासून सुदानमध्ये युद्ध चालू आहे, कोट्यवधी माणसं बेघर झाली आहेत. आपल्या पेपरांत त्याला किती जागा मिळाली ते आठवून पाहा. लक्षाची ही विषमता खरी आहे. पण त्यावर उपाय सुदानबद्दल जास्त लिहिणं हा आहे, गाझाबद्दल कमी लिहिणं हा नव्हे.

मराठी वाचकापर्यंत काय येतं

हा प्रश्न आपल्याला अगदीच परका नाही. अलिबाग, पेण, रेवदंड्याकडचे बेने इस्रायली ज्यू इस्रायलमध्ये गेले, दिमोना, अश्दोद, लोदसारख्या गावांत आजही त्यांच्या घरांत मराठी बोललं जातं. नरिमन हाउस या ज्यू केंद्रावरचा २००८ चा हल्ला मुंबई विसरलेली नाही. दुसरीकडे भारताने १९८८ मध्ये पॅलेस्टाइनला राज्य म्हणून मान्यता दिली होती, आणि इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ मध्ये जोडले. दोन्ही नाती खरी आहेत.

तरी आपल्याकडे या युद्धाची बाजू बरेचदा इथल्या राजकारणावरून ठरते. आपला गट कुठे उभा आहे ते पाहून तिथल्या मुलांबद्दलचं दुःख मोजलं जातं. मला हे असह्य वाटतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या फोनवर आलेल्या अनेक चित्रफिती सीरियातल्या जुन्या होत्या, काही तर 'आर्मा ३' या व्हिडिओ गेममधल्या होत्या. त्या पुढे ढकलणाऱ्या बहुतेकांना खोटं पसरवायचं नव्हतं. त्यांना आधीच जे वाटत होतं त्याला चित्र मिळालं होतं.

आपल्या दैनिकांचे वार्ताहर जेरुसलेममध्ये नसतात. बातमी रॉयटर्स, एपी (असोसिएटेड प्रेस) किंवा एएफपी या परदेशी वृत्तसंस्थांची येते, डेस्कवर तिचा अनुवाद होतो, कात्री लागते. म्हणून आपल्या संपादकांकडे मागणी करायची तर ती "त्यांची बाजू कमी करा, आमची वाढवा" अशी नसावी. ती तीन ओळींची असू शकते. दावा कुणाचा ते मथळ्यात राहू द्या. चूक झाली तर दुरुस्ती बातमी जिथे छापली होती त्याच पानावर द्या. आणि गाझाच्या बातमीखाली, दरवाजा बंद आहे तोवर, एवढं छापत जा: 'परदेशी पत्रकारांना गाझात स्वतंत्र प्रवेश नाही; या बातमीतल्या दाव्यांची प्रत्यक्ष पडताळणी झालेली नाही.' सैन्याबरोबर आत जाणाऱ्या काही परदेशी वाहिन्या चित्रण सैन्याला आधी दाखवावं लागल्याचं प्रेक्षकांना सांगतात. आपल्या पेपरांनाही हे जमण्याजोगं आहे, आणि त्यासाठी जेरुसलेमला माणूस पाठवावा लागत नाही.